नवी जलवाहिनी, अस्तर लावलेली मलवाहिनी : काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या वस्तीतील बीडाची जुनी जलवाहिनी काढून आतून सिमेंटचे अस्तर असलेली डक्टाइल आयर्नची (न तडकता थोडे वाकू शकणाऱ्या लोखंडाची) वाहिनी टाकण्यात आली आणि त्याच कामात मलवाहिनीही दुरुस्त झाली. एक उन्हाळा आणि एक पावसाळा पार पडल्यामुळे आता मत नोंदवायला हरकत नाही.

मोठा फरक पाण्याच्या प्रमाणात नव्हे, तर दाबात पडला आहे. बीडाच्या नळात वर्षानुवर्षे गंजाच्या गाठी साचतात. व्यास कागदावर तेवढाच राहतो, पण पाण्याची वाट अरुंद होते आणि गर्दीच्या वेळी टोकाच्या घरांचा दाब कोसळतो. १० मीटर उंची गाठायला साधारण १ बार दाब लागतो. पूर्वी पंपाशिवाय वर न चढणारे पाणी आता सकाळीही तिसऱ्या मजल्यावर पोहोचते.

याहून महत्त्वाचा, पण चटकन नजरेत न येणारा लाभ म्हणजे वाहिनी आता सतत भरलेली असते. ठरावीक वेळीच पाणी सोडले जाई तेव्हा रिकाम्या नळात सैल सांध्यांमधून आसपासचे घाण पाणी ओढले जाण्याचा धोका असे. तोटीपाशी तपासणी संचाने पाहिल्यास मुक्त क्लोरीन (जंतू मारण्यासाठी पाण्यात शिल्लक असलेले क्लोरीन) आता लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम या किमान अपेक्षित पातळीच्या वर आढळते. पाणी येण्याआधी नुसत्या हवेवर फिरणारे मीटरही शांत झाले, हा फायदा कोणत्याही माहितीपत्रकात नव्हता.

नाराजी आहे ती नळजोडण्यांबद्दल. मुख्य वाहिनी बदलली, पण तिच्यापासून घरापर्यंतचे जुने जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप तसेच ठेवले. दाब वाढला की गळतीही वाढते, त्यामुळे कमी दाबावर कसेबसे टिकलेले हे पाइप एकामागून एक फुटू लागले, आणि सुरुवातीचे काही आठवडे त्यांच्यातला सुटलेला गंज तांबूस पाण्याच्या रूपाने घरात आला. ज्यांच्याकडे असे काम व्हायचे आहे, त्यांनी जोडण्यांची बदली आराखड्यात धरली आहे का, हे खोदाईपूर्वीच विचारून घ्यावे, कारण बुजवलेला रस्ता पुन्हा फोडायला कोणी सहजी तयार होत नाही.

मलवाहिनीसाठी रस्ता जवळजवळ खोदावाच लागला नाही. कॅमेऱ्याने पाहणी केल्यावर सांध्यांत शिरलेली झाडांची मुळे कापली आणि राळेत भिजवलेली नळी आत सोडून ती उष्णतेने कडक केली. ही पद्धत प्रथम १९७१ मध्ये लंडनमध्ये वापरली गेली. अस्तरामुळे घरांच्या जोडण्यांची तोंडे झाकली जातात व ती आतून पुन्हा कापावी लागतात. आमच्याकडे एक तोंड अर्धवटच कापले गेले आणि तुंबण्याची तक्रार दोनदा करावी लागली. ते नीट कापल्यापासून मात्र कोरड्या दिवसांत चेंबर एकदाही भरलेले नाही.

मुसळधार पावसात ते अजूनही भरते. अस्तराने जमिनीतून झिरपणारे पाणी थांबले, परंतु गच्चीचे पन्हाळ परस्पर मलवाहिनीला जोडलेले असतील तर अस्तर त्याला काय करणार? अशा जोडण्या शोधण्यासाठी वाहिनीत धूर सोडून पाहण्याची चाचणी करतात, ती आमच्याकडे व्हायची आहे. ती होऊन पन्हाळ तोडले जाईपर्यंत जलवाहिनीला पाचपैकी चार आणि मलवाहिनीला तीन गुण देतो.