स्पॅनिशचा ‘केदार’ समजायला कोणती डिक्शनरी घ्यावी

नागपूरच्या मिहानमध्ये जॉब आहे, क्लायंट स्पेनचा, म्हणून स्पॅनिश शिकून राहिलो. आधी एक पैसे भरून घ्यायचं ॲप घेतलं, नाव नाही लिहीत, त्यात शब्दाला एकच अर्थ. केदार म्हणजे राहणे, विषय संपला. हो, पोराचं नाव वाटते पण क्रियापद आहे, आणि भल्लं बदमाश आहे. क्लायंटचा मेसेज आला ‘केदामोस आ लास सिएते?’ तर ॲप म्हणते आपण सातला राहतो. कुठं राहतो बे? तो बिचारा विचारून राहिला होता की सातला भेटायचं का.

मग फुकटातली वर्डरेफरन्स साइट उघडली आणि खरं सांगतो, पैसे वाचले. अर्थागणिक वेगळी ओळ, खाली वापरलेलं वाक्य, कोणता शब्द कोणत्या देशात चालतो तेही बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं. शर्ट ‘ते केदा ग्रांदे’ म्हणजे तुला मोठा होते, ‘दोंदे केदा’ म्हणजे ते ठिकाण कुठं आहे, ‘केदार माल’ म्हणजे चारचौघांत इम्प्रेशन खराब होणे. एवढे सगळे अर्थ पाहून आधी डोकं फिरते पण वाक्यं वाचत गेलं की बसते.

आणि मजा म्हणजे आपलं राहणे याच्या बरंच जवळ आहे, इंग्रजीच मधात येऊन घोळ करते. पोळ्या राहिल्या, तिथं केदार. सुटे राहू द्या म्हणायचं तर ‘केदेसे कोन एल कांबिओ’. बाईला दिवस राहिले, तिथंही ‘केदार्से एंबारासादा’! फक्त आपलं नागपुरी ‘करून राहिलो’ त्यात बसत नाही, त्याला ते दुसरं क्रियापद लावतात, एस्तार.

दुसरी साइट रेआल अकादेमियाची, म्हणजे माद्रिदची १७१३ सालची संस्था, तिची ऑफिशियल डिक्शनरी. हीपण फ्री, लॉगिन वगैरे भानगड नाही, क्रियापदाची सगळी रूपं एका क्लिकवर, आणि २०२३ पासून समानार्थी शब्दही दिलेत. पण सगळं स्पॅनिशमध्येच आणि वरून शॉर्टफॉर्म इतके की नवीन माणूस पळून जाईल, त्यामुळं पहिल्या वर्षी हात लावू नका, नंतर मात्र दोन अर्थांत अडकलं की इथंच सोक्षमोक्ष लागते.

वर्डरेफरन्सला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा यासाठी कापला की मराठी नाही, इंग्रजीवरून उडी मारून जावं लागते, आणि घरी आईला शिकवायचं म्हटलं तर तिथंच गाडी अडते. अकादेमियाला चार. ॲपचं सबस्क्रिप्शन पुढच्या महिन्यात संपते, रिन्यू नाही करत.