सौभद्र की संशयकल्लोळ?

मैत्रिणीनं परवा विचारलं, पोरांना पहिलंच संगीत नाटक दाखवायचंय, कोणतं दाखवू? धरमपेठेत तर्री पोहे खाता खाता तासभर वाद झाला आमचा.

किर्लोस्करांचं सौभद्र १८८२ चं. प्रेमिकांच्या आड मोठा भाऊ, म्हणजे बलराम, त्याला सुभद्रा दुर्योधनाला द्यायची, आणि अर्जुन संन्याशाचं सोंग घेऊन तिच्याच घरी मुक्कामाला. आपल्याला सगळं माहीत अन् बलरामाला काहीच नाही, मजा त्यातच. कृष्ण मागून दोऱ्या हलवतो. पण पदं खूप हो, पोरं चुळबुळतील.

देवलांच्या संशयकल्लोळमध्ये अडथळा बाहेरचा नाहीच ना बाप्पा, तो डोक्यात! अश्विनशेठची प्रेयसी रेवती रस्त्यात चक्कर येऊन पडते, फाल्गुनराव तिला सावरतो, ते बायको कृत्तिका पाहते, तिथंच पडलेली अश्विनशेठची तसबीर तिच्या हाती लागते आणि मग तो फोटो बघून फाल्गुनराव पेटतो. एका तसबिरीवर दोन जोड्यांची वाट! मूळ फ्रेंच नाटककार मोलिएरचं, १६६० चं, इंग्रजीतून फिरत देवलांकडे आलं, पण नावं बघा, अश्विन, कृत्तिका, रेवती, सगळी नक्षत्रांची नाहीतर महिन्यांची. आणि भादव्या नोकर, तो तर हवाच, नोकराशिवाय असलं नाटक होतच नाही.

मी तर संशयकल्लोळच म्हटलं. नवऱ्याचा फोन चोरून बघणारी बायको पोरांना लगेच कळते, संन्याशाचं सोंग समजवावं लागतं. मैत्रीण मात्र सौभद्रवरच अडून आहे, तिला गाणी पाहिजेत.