क्लारेल्व्हेनवरची तराफ्याची सहल: गाठी उत्तम, नदीची ओळख अपुरी

स्वीडनच्या व्हॅर्मलंड प्रांतात क्लारेल्व्हेन नदीवर स्वतः तराफा बांधून प्रवाहाबरोबर जायची सहल मिळते. ३ मीटर लांबीचे ओंडके थरावर थर आडवे-उभे रचायचे आणि नुसत्या दोराने आवळायचे. खिळा एकही नाही. या कामात बराचसा दिवस जातो, तो जाऊ द्यावा. घाईत मारलेली गाठ ओंडके घासून सैल पडते आणि मधला थर सरकतो. रोज निघण्याआधी कोपऱ्यांच्या गाठी पुन्हा आवळाव्यात. याच नदीतून १९९१ पर्यंत खरोखर लाकूड वाहून नेलं जात होतं.

बांधणी शिकवण्याला पैकीच्या पैकी गुण. नदी मात्र नीट समजावून सांगितली जात नाही, आणि अडचण नेमकी तिथेच येते.

दरीच्या दोन्ही बाजूंचा खडक कठीण, नाइस (पट्टेदार रूपांतरित खडक) आणि ग्रॅनाइटचा. तळ मात्र वाळूचा. हिमयुग संपताना इथे फियॉर्डसारखं, म्हणजे डोंगरांमधल्या अरुंद खाडीसारखं, लांबलचक पाणी साचलं होतं. नदीने ते वाळू आणि गाळाने भरून काढलं आणि आज ती त्याच मऊ भरावातून नागमोडी वाहते. वळणावर वरचं पाणी बाहेरच्या काठाकडे लोटतं, तळाचं पाणी वाळू घेऊन आतल्या काठाकडे सरकतं. त्यामुळे बाहेरचा काठ ढासळतो, आत वाळूचा दांडा (उथळ पट्टा) वाढत जातो.

तराफा ताशी जेमतेम २ किलोमीटर जातो आणि वळायला फार वेळ घेतो. म्हणून वळण दिसताच, बरंच आधी, बांबूसारख्या लांब काठीने रेटायला सुरुवात करावी. पात्राच्या मध्यापासून किंचित बाहेरच्या बाजूला राहावं. फार आत गेलात तर तराफा वाळूत रुततो, किंवा दांड्यामागच्या उलट्या प्रवाहात गोल गोल फिरत राहतो. फार बाहेर गेलात तर कोसळलेल्या झाडांत अडकतो, शिवाय तिथे पाणी खोल असल्याने काठी तळाला टेकत नाही. तिथे वल्हंच कामाला येतं.

मुक्कामाला आतल्या बाजूचा दांडा चांगला. तिथल्या वाळूवरच्या लहरी जवळून पाहाव्यात: उताराची तीव्र बाजू प्रवाहाच्या दिशेला असते. समोरच्या उभ्या कड्यात फिक्या वाळूचे आणि गडद गाळाचे थर स्पष्ट दिसतात. त्या कड्याखाली मात्र तंबू ठोकू नये.

एका दिवसाची सहल घेऊ नका, त्यात दोन-चार वळणंही धड होत नाहीत. आणि वरच्या अंगाला हॉल्येसचं धरण आहे. त्यामुळे पाण्याची पातळी बदलते. रात्री तराफा थोड्या खोल पाण्यात, दोर जरा सैल ठेवून बांधावा, नाहीतर सकाळी तो कोरड्या वाळूवर बसलेला सापडेल.