बी न फोडताच घेणारा काजूवाला

सिंधुदुर्गातल्या काजूवाल्यांनो, हे वाचा आणि मग हसा आम्हाला. २०२४ च्या एप्रिलमध्ये बाजारात काजू बी ११० रुपये किलो. पिकअप घेऊन खळ्यात आलेला हा खरेदीदार ११८ देत होता, तेही रोख. लोभ सुटला म्हणा हवं तर. पण मे उजाडला की वळवाची भीती, भिजलेली बी काळी पडते, मजुरी थकलेली. हातात पैसे ठेवणाऱ्याला नाही कोण म्हणतो?

पहिल्या दोन फेऱ्यांत त्याने चोख पैसे मोजले, म्हणजे तेव्हा तसं वाटलं. ८० किलोचं पोतं त्याच्या काट्यावर ७६.५ भरायचं. त्यातून १ किलो बारदान (रिकाम्या पोत्याचं वजन), २ किलो ओलावा. उरले ७३.५ किलो, ११८ ने ८,६७३ रुपये. सरळ काट्यावर बारदान वजा करून ७९ किलो, ११० ने ८,६९० होतात. म्हणजे वरचे आठ रुपये आमच्याच पोत्यातून काढून आम्हालाच दिले, वर सतरा खिशात! काटा आधी तपासा. घरात माहितीतलं २० किलोचं वजन ठेवा, इलेक्ट्रॉनिक काट्याचं पडताळणी प्रमाणपत्र मागा, ते दरवर्षी नवं लागतं.

तिसरी फेरी. तीन घरांची मिळून १४ पोती. याच वेळी डोळे उघडायला हवे होते. खरा व्यापारी पोत्याच्या तळातली मूठभर बी काढतो, अडकित्त्याने फोडतो, गर भरलेला आहे की सुरकुतलेला ते बघतो, किलोत किती बिया बसतात ते मोजतो. वेंगुर्ला ७ या जातीच्या शंभरेक, वेंगुर्ला ४ च्या एकशे तीसच्या आसपास. या माणसाने एक बी फोडली नाही. दोन पोती कालच वेचलेली, ओली, हातात वाजतही नव्हती, तरी ओलावा कापला नाही. आम्हाला वाटलं, ओळख वाढली. अहो, ज्याला पैसे द्यायचेच नाहीत तो बी कशाला फोडेल!

हिशेब १,२४,७२६ रुपये. १०,००० रोख आणि १,१४,७२६ चा वीस दिवसांनंतरचा चेक. चेकवरचं नाव त्याने दिलेल्या कार्डावरच्या नावाशी जुळत नव्हतं, तेही नंतर पाहिलं. चेक परत आला. ज्यांचा येईल त्यांनी बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस पाठवा, पुढे पैसे भरायला त्याला १५ दिवस, आणि त्यानंतर महिन्याच्या आत कोर्टात तक्रार. आमचे त्यातले बावीस दिवस पोलीस ठाण्याच्या बाकावर गेले. "हा दिवाणी मामला आहे." बाजार समितीत गेलो तर "तो आमचा परवानाधारक नाही." अहो, म्हणूनच तर आलो! वजनमाप कार्यालयात सांगितलं, काटा घेऊन या. चोराने काटा मागे ठेवला असता तर पैसेही ठेवले असते ना? नोटीस परत आली, पत्त्यावर कोणी नाही. गाडी सुटण्याआधी नंबरप्लेटचा आणि आधार कार्डाचा फोटो घ्या, त्याला राग आला तरी घ्या.

वर सरकारने त्या हंगामाला किलोमागे १० रुपये अनुदान जाहीर केलं. चिठ्ठीवरच्या १,०५७ किलोचे १०,५७० झाले असते. त्यालाही विक्रीची पक्की पावती हवी. आमच्याकडे वहीच्या कागदावरची कच्ची चिठ्ठी, खाली सही म्हणून एक रेघ.