आठ महिने पायसीरियल आणि यूएसबी-सीरियल केबल: वजनकाट्याशी बोलणं जमलं, पण सुरुवात जड गेली

वजनकाट्यावरचं रीडिंग थेट फाईलमध्ये घ्यायला पायथनची छोटी स्क्रिप्ट लिहिली, वापरून आठ महिने झाले. आता रोज बिनबोभाट चालते, पायसीरियल (पायथनमधून सीरियल पोर्टशी बोलायची लायब्ररी) मला मनापासून आवडलंय. पण पहिला आठवडा डोकं पार पिकलं.

स्क्रिप्ट चालवली की नुसती अडकून बसायची, एरर नाही काही नाही. नंतर कळलं की टाइमआउट (किती वेळ वाट बघायची ती मर्यादा) दिला नाही तर पायसीरियल डेटा येईपर्यंत थांबूनच राहतं, आणि रीडलाइन (एक ओळ वाचणारी आज्ञा) लाईन फीडची, म्हणजे ओळ संपल्याच्या खुणेची वाट बघतं, तो काही येतच नव्हता. आधी केबलवरच संशय, म्हणून काटा काढून नऊ पिनी कनेक्टरची २ आणि ३ नंबरची पिन (डेटा घेणारी आणि पाठवणारी) वायरीने जोडली, पाठवलेलं जसंच्या तसं परत आलं, म्हणजे केबल ठीक. हे सगळ्यात आधी करायला हवं होतं, दोन दिवस वाचले असते.

मग टाइमआउट १ सेकंद ठेवला आणि डीकोड न करता कच्चे बाइट प्रिंट केले. गंमत अशी की ०, ३, ५, ६, ९ बरोबर यायचे आणि १, २, ४, ७, ८ च्या जागी कचरा! बॉड रेट (डेटा पाठवायचा वेग) चुकला असता तर सगळाच कचरा आला असता ना. नीट बघितलं तर १ साठी हेक्समध्ये ३१ ऐवजी बी१ येत होतं, म्हणजे फक्त आठवा बिट जास्तीचा. तो पॅरिटीचा, म्हणजे चूक पकडायला जोडलेला बिट! काटा ७ बिट, ईव्हन पॅरिटी (एकूण १ ची संख्या सम ठेवणारी) पाठवतोय आणि पायसीरियल डीफॉल्टला ८ बिट, पॅरिटी नाही असं धरून चाललेलं. सेटिंग बदललं आणि आकडे लख्ख दिसले, खरंच खूप आनंद झाला त्या क्षणी. ओळीच्या शेवटी काटा फक्त कॅरेज रिटर्न (ओळ संपल्याची वेगळी खूण) पाठवतो हेही तेव्हाच दिसलं, म्हणून रीडलाइन काढून रीड-अंटिल (सांगितलेल्या खुणेपर्यंत वाचणारी आज्ञा) लावलं.

एक त्रास मात्र मधेमधे व्हायचा, केबल काढून परत लावली की लिनक्सवर पोर्टचा नंबर कधीकधी ० चा १ व्हायचा आणि स्क्रिप्टला पोर्टच सापडायचा नाही. बाय-आयडी वाला पाथ (केबलच्या स्वतःच्या ओळखीवरून बनणारं पोर्टचं नाव) दिला तर थांबलं. पण माझ्या केबलमध्ये सीरियल नंबरच नाहीये, त्यामुळे गेल्या महिन्यात तसलीच दुसरी केबल लावल्यावर दोघींचं नाव एकच निघालं. आता बाय-पाथ (केबल कुठल्या सॉकेटला आहे त्यावरून बनणारं नाव) वापरतोय आणि कुठली केबल कुठल्या सॉकेटला हे चिठ्ठी चिकटवून ठेवलंय.