पेंधर मेट्रोजवळ 'हेवी डिपॉझिट'वर घर बघताय? आधी हे वाचा

४,९२,५०० रुपये. त्यात ४,७५,००० डिपॉझिट, १५,००० दलाली आणि २,५०० 'ॲग्रीमेंटचा खर्च'. हे सगळे पैसे मी माझ्या हातानं एका एजंटला दिले आणि सात-आठ महिन्यांत बायको-मुलीसह घर खाली करावं लागलं. लिहिताना लाज वाटते. सख्ख्या भावालाही मी खरा आकडा अजून सांगितलेला नाही.

हेवी डिपॉझिटमध्ये, म्हणजे महिन्याच्या भाड्याऐवजी एकरकमी मोठं डिपॉझिट देण्यात, लोक कसे बुडतात हे नवी मुंबईत कुणाला सांगायला नको. मलाही माहीत होतं. पण माझ्या जागी असतात तर तुम्ही काय केलं असतं? माझं ऑफिस सीबीडी बेलापूरला, मुलीचं कॉलेज खारघरला. नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली आणि शेवटच्या स्टेशनवर, तळोज्यात, आमच्या ऐपतीतलं घर दिसायला लागलं. पेंधरला गाडी रिकामी सुटते, सकाळी बसायला जागा मिळते. कोपरखैरण्यात महिन्याला १२,००० भाडं भरून आम्ही थकलो होतो. डिपॉझिट एकदा द्यायचं, दोन वर्षं भाडं नाही, जाताना पैसे परत. वाचलेल्या भाड्यातूनच मुलीची फी निघणार होती. ह्याला कुणी हाव म्हणत असेल तर म्हणो.

एजंटचं ऑफिस होतं, बोर्ड होता, कार्डावर महारेराचा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नंबर छापलेला होता. (तो नंबर नोंदणीकृत प्रकल्पातली घरं विकण्यासाठी असतो. भाड्याच्या घराशी त्याचा काही संबंध नाही. हे मला नंतर कळलं.) घराची चावी त्याच्याकडे, वॉचमन त्याला नमस्कार करतो, स्टेशनच्या जिन्यापासून बिल्डिंग चालत सात मिनिटं. मालक दुबईला असतो, पॉवर ऑफ ॲटर्नी आपल्याकडे आहे म्हणाला. कागद दाखवला, मी वाचला.

आता तो दिवस. १४ जून २०२४, शुक्रवार. कोपरखैरण्यातल्या बँकेत आरटीजीएसची स्लिप भरली. पीएफमधले २,१०,०००, बायकोची मोडलेली एफडी १,५०,००० आणि जुन्या खोलीचं परत आलेलं डिपॉझिट १,१५,०००. काउंटरवरच्या बाईंनी स्लिप उलट करून माझ्यासमोर धरली, पेनाचं टोक खातेदाराच्या नावावर टेकवलं आणि विचारलं, "घराचं डिपॉझिट लिहिलंय, मग हे एंटरप्रायझेसचं खातं कसं? मालकाचं खातं नाही का?" एजंट माझ्या शेजारीच उभा होता. म्हणाला, "मॅडम, मालक बाहेर असतात, व्यवहार आमच्या फर्ममधून होतो." बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हणालो, "हो, बरोबर आहे." त्यांनी शिक्का मारला.

ते पेन अजून डोळ्यासमोरून हलत नाही. एक अनोळखी बाई मला थांबवत होती आणि मीच तिला शिक्का मारायला लावला.

दुसरी खूण जुलैत आली. लाईट बिलावर वेगळंच नाव. बायकोनं विचारलं तर एजंट म्हणाला, आधीच्या मालकाचं नाव बदलायचं राहिलंय. ते खऱ्या मालकाचं नाव होतं! करारावरचं नावच खोटं होतं. इंडेक्स टू (घराच्या नोंदणीचा सरकारी उतारा) ऑनलाइन काढला असता तर पंधरा मिनिटांत कळलं असतं. तुम्ही काढा. घर बघायला जाण्याआधी काढा.

आणि करार. १०० रुपयांचा स्टॅम्प, वर नोटरी. "रजिस्ट्रेशनला उगाच खर्च, वेळ जातो," म्हणाला. खर्च किती? शहरात नोंदणी फी १,००० रुपये. मुद्रांक शुल्क म्हणजे डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून त्याचा पाव टक्का, दोन वर्षांसाठी माझं अडीचशेच्या आतच बसलं असतं. नोंदणीला मालकाचा अंगठा आणि फोटो लागतो, म्हणून एजंटला ती नको होती. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार (घर भाड्यानं देण्याचा नेहमीचा करार) नोंदवणं सक्तीचं आहे. नोटरीवर भागतं असं कुणी सांगितलं की तिथून उठा.

सप्टेंबरमध्ये मेट्रोचं तिकीट ४० वरून ३० झालं, तेव्हा घर घेऊन चांगलं केलं असं आम्ही एकमेकांना म्हणत होतो.

१९ जानेवारी २०२५, रविवार. सकाळी बेल वाजली. दारात साठीचे गृहस्थ. "तुम्ही कोण? माझ्या घरात कसे?" एजंटनं त्यांच्याकडून घर 'कंपनीच्या माणसांसाठी' म्हणून ९,५०० भाड्यानं घेतलं होतं. त्यांना ३०,००० डिपॉझिट दिलं, चार महिने भाडं दिलं, मग बंद. म्हणजे ६८,००० घालवून माझे ४,९२,५०० घेतले. ऑफिसला कुलूप, फोन बंद. त्याच टॉवरमध्ये अशी आणखी दोन कुटुंबं निघाली. मालक भला माणूस, फेब्रुवारी संपेपर्यंत राहू दिलं.

पोलिसांकडे गेलो. घराच्या हद्दीतल्या ठाण्यात म्हणाले, पैसे कोपरखैरण्यातून गेले, तिकडे जा. तिकडे म्हणाले, घर इकडे नाही, तिकडेच जा. बीएनएसएसच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी तक्रार घ्यावी लागते, हे मी छापून नेलं होतं. कागद न वाचता परत दिला. "हा दिवाणी वाद आहे, वकील करा." दिवाणी? खोटा मालक उभा करून पैसे उकळणं हा दिवाणी वाद? एकानं तर विचारलं, "शिकलेले दिसता, सही करताना वाचलं नाही?" बायको शेजारी बसली होती. तिसऱ्या खेपेला अर्जाच्या झेरॉक्सवर पोचीचा शिक्का मिळाला. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन केला, तर हे ऑनलाइन फसवणुकीत बसत नाही. बँक म्हणते, खातेदाराची माहिती हवी तर पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात, बँकेतून माहिती आणा, मग बघू. प्राथमिक चौकशीला कायद्यात चौदा दिवस आहेत. चार महिने उलटले, मधल्या काळात साहेब बदलले, नव्या साहेबांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग आता आमच्याकडून काय अपेक्षा आहे?"

अर्ज द्याल तेव्हा पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून हलू नका. व्हॉट्सॲप चॅट डिलीट करू नका. माझ्याकडे आहे ते तेवढंच आहे.

आम्ही आता परत कोपरखैरण्यात, एका खोलीत आहोत. मागच्या आठवड्यात चौकशीसाठी पेंधरला उतरलो. जिन्याखालच्या खांबावर हिरव्या कागदाची जाहिरात चिकटवलेली: '१ बीएचके, हेवी डिपॉझिट, मेट्रोपासून ५ मिनिटं'. नंबर नवीन होता. दुसऱ्याच्या फोनवरून लावला, आवाज त्याचाच. मी कागद फाडला आणि तुकडे ठाण्यात नेऊन दिले. टेबलावरच्या हवालदारानं ते माझ्या अर्जाला टाचणीनं लावून ठेवले.