चार इंचांचा नमुना पाहून मी साडेअठरा हजार घालवले

नागपूरच्या लकडगंजमधून सागवान आणून खुर्च्या-टेबलं करणारा मी कारागीर. मागच्या हिवाळ्यात बारा डायनिंग खुर्च्यांचं काम मिळालं. बारा खुर्च्या म्हणजे नुसत्या सीटच्या पट्ट्यांचेच 96 साल-चूल सांधे. पायात पाडायचं चौकोनी भोक ते साल, पट्टीच्या टोकाला काढायची जीभ ती चूल. पटाशीनं एकेक साल पाडत बसलो असतो तर तारीख चुकली असती, म्हणून राऊटरसाठी, म्हणजे फिरत्या पात्यानं लाकूड कोरणाऱ्या मशीनसाठी, जिग शोधत होतो. जिग म्हणजे दर वेळी त्याच जागी, त्याच मापाचं साल पडावं म्हणून राऊटरला वाट दाखवणारा साचा.

फोनवर एकाची जाहिरात दिसली. हिंगण्याला कारखाना आहे म्हणाला आणि दोन दिवसांनी जिग घेऊन स्वतः दुकानात आला. चकचकीत ॲल्युमिनियमची प्लेट, पितळी नट, आणि जोडून-सोडून दाखवायला पाईनचा चार इंचांचा सांधा. "भाऊ, हातानं दाबा, ठोकावंबी लागत नाही." खरंच लागलं नाही. मी 9,500 रुपये यूपीआयनं ॲडव्हान्स दिले, उरलेले 9,000 माल आल्यावर. पैसे ज्या नावावर गेले ते बिलावरच्या नावाशी जुळत नव्हतं. मी विचारलंही. "मेव्हण्याचं खातं आहे" म्हणाला आणि मी गप्प बसलो.

माल आला. पहिली पट्टी पायात बसवली तर चुलीच्या खांद्यापाशी, म्हणजे जीभ संपून पट्टी पायाला टेकते तिथं, एका बाजूनं केसाएवढी फट. दुसरी, तिसरी केली, फट त्याच बाजूला. मग पाय क्लॅम्पनं टेबलाला बांधला, गुण्यानं, म्हणजे काटकोन मापायच्या पट्टीनं, रेघ मारली आणि पट्टीचं दुसरं टोक पाहिलं. 400 मिमी लांबीवर ते साडेतीन मिमी सरकलेलं होतं. जिगची प्लेट आणि लाकूड ज्याला टेकतं ती आधारपट्टी यांच्यामध्ये गुण्या धरला तर खालून उजेड दिसला. काटकोनात अर्ध्या अंशाची चूक.

तेव्हा तो छोटा नमुना कशासाठी होता ते कळलं. अर्धा अंश 400 मिमीवर साडेतीन मिमी होतो, पण चार इंचांवर एक मिमीच्या आत राहतो, डोळ्याला दिसतच नाही. शिवाय पाईन मऊ, दाबलं की खांदा दबून टेकतो. सागवान असं दबत नाही. क्लॅम्पनं ओढून सांधा बसवता येतो, मीही दोन बसवले, पण ताणात चिकटवलेला सांधा पुढे उघडतो. गिऱ्हाइकाच्या घरात जाऊन उघडावा, असं काम मला द्यायचं नव्हतं. सहा पाय वाया गेले. चांगल्या सागाचे होते.

फोन लावला तर आधी "उद्या येतो", मग नंबर बंद. बिलावरचा जीएसटी नंबर मोजला, 14 अक्षरं. खरा 15 अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्राचा 27 नं सुरू होतो. जीएसटीच्या वेबसाइटवर तो फुकट तपासता येतो, दोन मिनिटांचं काम. मी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली ती अकराव्या दिवशी. तोवर पैसे पुढे गेले होते. तुमच्यावर वेळ आली तर त्याच तासात फोन करा.

आणि जिग घेणारच असाल तर पैसे देण्याआधी स्वतःच्या लाकडात, स्वतःच्या दुकानात, पूर्ण लांबीची पट्टी कापून मागा. प्लेटला गुण्या लावा. गाईड बुश, म्हणजे राऊटरच्या तळाला बसणारी आणि जिगच्या खाचेतून सरकणारी गोल कडी, खाचेत हलवून पाहा. हलत असेल तर राऊटर जाताना आणि येताना साल वेगवेगळ्या रुंदीची पाडेल.

मी शेवटी 12 मिमी प्लायचा जिग घरीच केला. 16 मिमीचा बुश आणि 8 मिमीचं बिट (राऊटरचं पातं), म्हणजे चारही बाजूंनी 4 मिमीचं अंतर. म्हणून 8 बाय 50 च्या सालीसाठी खाच 16 बाय 58 ची. आधारपट्टीचं एका टोकाचं भोक लांबट ठेवलं आणि खाचेशी समांतर बसेपर्यंत सरकवून मगच स्क्रू आवळला. काटकोन मात्र पट्टीला रंधा मारूनच आणला, गुण्याखालचा उजेड जाईपर्यंत. त्यात अख्खी दुपार गेली. साल 32 मिमी खोल, चूल 30 मिमी, फेविकॉलला तळाशी जागा राहावी म्हणून. खुर्च्या नऊ दिवस उशिरा गेल्या.

गेल्या आठवड्यात दुसऱ्याच नंबरवरून मला एका जिगचा फोटो आला. शेजारी तोच पाईनचा चार इंचांचा तुकडा ठेवलेला. मी 400 मिमीच्या पट्टीचा सांधा दाखवा म्हणून लिहिलं. अजून उत्तर नाही.